थुंकीत काहीच नव्हतं

(थोरल्या जावेचं स्वयंपाकघर. धाकटी दाराबाहेर उभी.)

थोरली : तिथेच थांब. ठमीचा आत्ता कुठे डोळा लागलाय. बोल, इथूनच ऐकते.

धाकटी : वहिनी, मला टीबी नाही. कधी नव्हताच.

थोरली : मग खोकताना रक्त पडायचं ते काय हौस म्हणून?

धाकटी : पाळीचं होतं. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं ना, तसलंच माझ्या फुप्फुसात रुजलंय. पाळी आली की तिथूनही झरतं.

थोरली : कुठे पाळी, कुठे फुप्फुस! कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?

धाकटी : नव्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी आधी हेच विचारलं, रक्त पडतं ते नेमकं कधी. मी सांगितलं. म्हणाल्या, मग पाळीतच या. घशातून फुप्फुसात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासला.

थोरली : आणि आधीचे सगळे झोपले होते? दर महिन्याला खेटे घालत होतीस की.

धाकटी : पाळी संपल्यावर जायचे ना. तोवर थुंकीत काहीच नसायचं. छातीच्या फोटोत एक डाग, तेवढ्यावरच टीबीच्या गोळ्या. शिलाईच्या कारखान्यातही मशीनवरून उठवून बटणं लावायला व्हरांड्यात बसवलं.

थोरली : संपू दे, मग जा, असं मीच म्हणायचे.

धाकटी : तुम्ही मायेनंच म्हणायचात.

थोरली : तासन्‌तास बाकावर बसायचं, कपड्याला लागलं तर चारचौघांत शोभा. एवढंच माझ्या मनात. आणि ठमी तुझ्या अंगावरून ओढून आणली, तीही मायेनंच. घसा बसेपर्यंत रडली होती.

धाकटी : जाऊ दे ते. दूध आटलं, आता काय.

थोरली : औषध आहे ना यावर?

धाकटी : आहे. पाळीच बंद ठेवायची. औषध चालू तोवर दुसरं मूल नाही. सोडलं की परत रक्त.

थोरली : म्हणजे ही एवढी एकच.

धाकटी : हो. न्यायला आलेय, वहिनी.

थोरली : मला आई म्हणते ती. मी शिकवलं नाही हं.

धाकटी : माहीत आहे. संध्याकाळी खिडकीखाली येऊन उभी राहायचे मी.

थोरली : कधी सांगितलं नाहीस.

धाकटी : सांगितलं असतं तर खिडकी लावून घेतली असती तुम्ही.

थोरली : घेतली असती. जा, तिच्याजवळ जाऊन पड. जागी झाली की बिचकेल, मला हाका मारेल. मी ओ देणार नाही.