सोळावं मडकं

सन्माननीय अध्यक्ष जेम्स गुरुजी, मुख्याध्यापिका लिडियाबाई, सुधाकर सर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वसुंधराबाई आणि समोर बसलेल्या माझ्या गाववाल्यांनो! गुरुजी, गुडघा काय म्हणतो? लिडियाबाई, बसलेला आवाज सुटला का? सुधाकर सर, साखर आटोक्यात आहे ना? वसुंधराबाई, तुम्हाला विचारत नाही. आज तुम्ही खरं सांगणार नाही.

मी ऑगस्टीन, केळीच्या वाडीवाला. शिक्षण चौथी. शहाण्णव साली शाळेच्या स्मरणिकेला भीतभीत एक कविता दिली. दर कडव्याची चौथी ओळ आखूड. वर ‘पाणी आले पाटामधुनी’ अशा भरल्या ओळी, आणि शेवटी नुसतं ‘केळी झाल्या ओल्या’. सुधाकर सरांनी मात्रा मोजल्या. बाकी ओळींत सोळा, चौथीत बारा. वृत्तभंग! सरांनी मायेनंच डागडुजी केली, ‘केळी झाल्या ओल्या ओल्या’. मात्रा भरल्या हो. पण माझी बायको पॉलिन म्हणाली, “एवढ्या भिजवल्यास तर कुजतील.” मी हसलो, आणि कवितांची वही कणगीमागे टाकून दिली. म्हटलं, आपण आपलं पाटाचं पाणी बघावं.

स्मरणिका छापायला जायच्या आदल्या दिवशी वसुंधराबाई वाडीत आल्या. म्हणाल्या, वाचू नका, चालीत म्हणा. मी म्हटली. बाईंचं लक्ष माझ्या पायाकडे.

“दादा, दर ओळीला तुमचा पाय चारदा पडतो. चौथ्या ओळीत शब्द तिसऱ्या ठोक्यालाच संपतात, तरी पाय चारदा. तो शेवटचा कशावर पडला?”

माझी नजर बावखलाकडे, वाडीला पाणी देणाऱ्या आमच्या तळ्याकडे गेली. आता तिथे मोटर आहे. पण लहानपणी बैलामागे फिरताना मी ओळी जुळवायचो, तेव्हा तिथे रहाट होता. माळेला सोळा मडकी, सोळावं फुटकं. पंधरा वेळा पाणी पडायचं, मग एक वेळ काहीच नाही. बापानं ते बदललं नाही. म्हणायचा, तेवढंच बैलाला हलकं.

हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मग ही चूक नाही. ही विसाव्याची जागा आहे. अशीच छापायची.”

दुसरं ‘ओल्या’ सुधाकर सरांनी स्वतःच्या हातानं खोडलं, हा त्यांचा मोठेपणा. आणि कणगीमागची वही भरून आता दुसरी चालू आहे.

बोलावल्याबद्दल आभार. जास्त-कमी बोललो असेन तर पोटात घाला. बाई लेकीकडे चिपळूणला निघाल्या, त्यांच्यासाठी चार ओळी केल्यात. पहिली आहे, ‘बाई निघती गावी आता’. आणि चौथी, ‘वाडी राही मागे’.

पाय अजून एकदा पडतो, बाई. कशावर, ते तुम्ही चिपळूणहून लिहा. लवकर लिहा.