पान त्याचं, गडी माझा

नाही नाही, बसा की ताई, फॉर्म मी परत भरून देतो — कोठी बाजारात कोणालाही विचारा, सुधीर उमरीकरचं दुकान — लेकीचा फोटो आयफोनवरचा ना? हौ, तीच तर परेशानी, आयफोनचा फोटो फॉर्म घेत नाही, त्याला जेपीजी लागतो. म्हणून तर मी ते पान बनवलं होतं इंटरनेटवर — फोटो निवडा, बदलून घ्या, फोटो कुठे बाहेर जात नाही, तुमच्याच ब्राउझरमध्ये काम होतं. तीन महिने राबलो त्यावर. मग हा मंदार आला, पुण्याचा, मोठ्या कंपनीतला — "काका, दाखवा ना, कसं केलंत" — दाखवलं. गाढव कोण? मीच. पान जसंच्या तसं उचललं, वर स्वतःचं नाव टाकलं, आणि आपल्या मंडळाने गणपतीत त्याला शाल दिली. मी समोर सतरंजीवर. टाळ्या वाजवल्या, काय करता.

पण चोरीलाही अक्कल लागते, ताई. फोटो बदलायचं काम करते ती जावास्क्रिप्टची फाईल, आणि त्याच्या पानावर ती अजून माझ्याच साइटच्या पत्त्यावरून येते — एवढंही त्याने पाहिलं नाही. पान त्याचं, गडी माझा. सोमवारी मी गड्याला सांगितलं — मंदारच्या पानावर फोटो आला की काळाकुट्ट करून दे. फाईल बरोबर, आकार बरोबर, फॉर्म मुकाट्याने घेतो — उघडून बघतंय कोण? आता लोक शिव्या घालतील त्याला, शालीसकट. चार दिवस जेवण गोड लागतंय मला, खोटं कशाला बोलू.

आणा तो कागद. मृण्मयी… अर्ज बाद… कारण, फोटो काळा — कधी भरला होता हा? मंगळवारी? आणि फोटो कुठे बदलला — हौ. हौ, कळलं. थांबा, साइट उघडतो… मुदत कालच संपली, ताई. परत भरता येत नाही. वर्ष जाईल ना तिचं — हो, जाईल.

असं बघू नका माझ्याकडे. तक्रार कराल ना? करा. पण मंदारचं नाव घालू नका त्यात. माझं घाला — सुधीर उमरीकर, कोठी. जा आता, दुकान बंद करायचंय.