केरबा पैलवानाची पाठ

मंडळी, ऐका! मृदंगवाले, हात जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्हीही भाता सोडा, थोडा दम घ्या. आता गाणं नाही, आता गोष्ट!

पण गोष्टीआधी एक प्रश्न. आणि उत्तर लगेच देऊ नका हं — घाईनं दिलेलं उत्तर बहुतेक शेजाऱ्याचं असतं! प्रश्न असा, की ज्याच्यावर आपण जीव ओवाळून टाकला, ज्याचं नाव घेतलं की आपली छाती फुगते, असा माणूस एक दिवस थकतो. उतरणीला लागतो. मग आपण काय करायचं? त्याला टाकायचं आणि नव्याच्या मागं पळायचं? का त्याला खांद्यावर घेऊन ‘हा थकलाच नाही’ म्हणून जगाशी भांडत बसायचं?

हसू नका. आजकाल हेच चाललंय. आमचा पुतण्या मोबाईलवर कुस्त्या बघतो आणि कोण जुना, कोण नवा, कोण भारी, म्हणून अनोळखी माणसाशी भांडतो. मी म्हटलं, ‘बाळा, त्या दोघांनी तुला ओळखलं तरी असतं का?’ तर म्हणतो, ‘काका, प्रश्न तत्त्वाचा आहे!’

तर तत्त्वाचीच गोष्ट सांगतो.

खुटाळवाडी नावाचं गाव. तिथं केरबा वाघमोडे नावाचा पैलवान. जातीचा धनगर, मेंढरामागं डोंगर तुडवून पाय असे झालेले — जणू उंबराचे बुंधे! कान मोडलेले, मान बैलाच्या वशिंडासारखी, आणि स्वभाव? गाईचा! पोरं त्याच्या दंडाला लोंबकळायची आणि हा बाबा तसाच पोरांसकट विहिरीवर पाणी भरायला जायचा. त्याचा डाव एकच — एकेरी पट. समोरच्याचा एक पाय धरायचा आणि त्याला उताणा पाडायचा. सगळ्यांना ठाऊक, की हा पटच काढणार. पण हात पायाला कधी गेला, हे समोरच्याला कळायचं कधी? पाठीला माती लागल्यावर!

असा केरबा. पण मंडळी, वय नावाचा एक पैलवान आहे ना, त्याच्यापुढं कुणाचीच जोड टिकत नाही! तो हात मिळवत नाही, शड्डू ठोकत नाही. चोरपावलानं येतो आणि एके दिवशी गुडघा धरतो. इथं बसलेल्यांतल्या निम्म्यांचा त्यानं धरलेलाच आहे — आता उठताना बघा कुणाच्या तोंडून ‘आई गं’ निघतं ते!

केरबाचाही गुडघा धरला. आणि त्याच सुमाराला शेजारच्या शिरढाळ गावात एक तरणा पोरगा वर आला. शिदगोंडा पाटील. जैनाचा पोरगा, मटण नाही, अंडं नाही, नुसतं दूध, तूप, बदाम आणि आईचा धाक! पण काय तयारी! मैदानात उतरला की वाटायचं, वीज धोतर नेसून — चुकलं, लंगोट नेसून आली!

झालं. पंचक्रोशीचे दोन तुकडे पडले. खुटाळवाडी म्हणायची, केरबासारखा झाला नाही, होणार नाही. शिरढाळ म्हणायचं, झाला होता, आता संपला.

आता खुटाळवाडीत दौलू सुतार नावाचा माणूस. केरबाचा असा भक्त, की त्याच्या छपरीत लाकूड कमी तासलं जायचं आणि केरबाच्या कुस्त्याच जास्त. आणि देवाची करणी बघा — याची एकुलती एक लेक, हौसा, दिलेली कुठं? शिरढाळला! जावई श्रीपती, तो शिदगोंड्याचा भक्त!

सिद्धोबाच्या जत्रेला लेक-जावई घरी आले. पाटावर बसले. पहिला घास तोंडात गेला आणि विषय निघाला.

दौलू म्हणाला, “जावईबापू, केरबानं जे केलं ते तुमच्या पोराला सात जन्मात जमायचं नाही.”

श्रीपती म्हणाला, “मामा, केलं ते केलं. आता काय करतोय ते बोला की. गुडघ्याला पट्टी बांधून फिरतोय.”

“वाघ म्हातारा झाला म्हणून गवत खात नाही!”

“खात नाही, मामा. पण धावत बी नाही.”

आता दौलूची पंचाईत! जावयाला शिवी देता येईना. तोंडावर आलेली शिवी त्यानं गिळली आणि बायकोला म्हणाला, “बायजा, जावईबापूंना भात वाढ गं! तोंड फार मोकळं आहे त्यांचं!”

जावई ताटावरून उठला. “यंदा मैदानात दोघांची कुस्ती लावाच. शिदगोंडा हरला तर ह्या दारात पाय ठेवणार नाही.”

“आणि केरबा हरला तर मी शिरढाळचं पाणी पिणार नाही!”

हौसा तिथंच उभी, हातात वरणाची वाटी. ती एकदा बापाकडं बघते, एकदा नवऱ्याकडं. मंडळी, कुस्ती अजून ठरलीसुद्धा नव्हती — पण चितपट कोण झालं? ती झाली! आपल्या हौसेच्या भांडणात पडतं कोण, याचा विचार कधी केलाय?

दौलू तसाच चारपाच जणांना घेऊन केरबाच्या घरी गेला. केरबा ओट्यावर पाय पसरून बसलेला, त्याची बायको सगुणा गुडघ्याला तेल चोळतेय.

“पैलवान, शिदगोंड्याशी लढायचं. नाहीतर आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही!”

केरबा हसला. “दौलूदा, तो पोरगा चांगला आहे. लढू द्या त्याला त्याच्या वयाच्या पोरांशी.”

“म्हणजे भ्यालात?”

हा शब्द कुणी काढला, देव जाणे. पण सगुणा उठली! तेलाचा हात पदराला न पुसता उठली आणि म्हणाली, “हौस तुमची आणि हाडं ह्यांची! वीस वर्षं ह्यांनी तुम्हाला गुलाल खेळवला. आता एक जण तरी विचारा, की पैलवान, रात्री झोप लागते का? कूस बदलताना कण्हतात, ते मी ऐकते. तुम्ही नुसत्या टाळ्या ऐकता!”

सगळे खाली मान घालून उठले. पण केरबानं मागून हाक मारली. “दौलूदा, पंचांना सांगा. उतरतो.”

का हो म्हणाला असेल? मला वाटतं, ‘भ्याला’ या शब्दानं नाही. गावानं मागितलं आणि आपण नाही म्हणालो, हे त्याला जमेना. ज्याला लोकांनी मोठं केलं ना, त्याला नाही म्हणायची सवय राहत नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. सिद्धोबाच्या माळावर लाल माती मळून ठेवलेली, त्यात लिंबू, ताक, हळद. हलग्या कडाडतायत. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं! दौलू पार पुढं, मातीच्या अगदी कडेला. समोरच्या बाजूला श्रीपती.

दोघं उतरले. केरबानं माती उचलून कपाळाला लावली. शिदगोंड्यानं वाकून त्याच्या पायाला हात लावला.

मग भिडले! डोक्याला डोकं! पोरगा सळसळतोय, म्हातारा ठाम. पोरानं खेचलं, केरबा हलला नाही. आणि एकदम — पट! केरबाचा हात पायाला गेला! दौलू ओरडला, “गेला, गेला!” पण पोरगा हवेत वळला, सुटला. शिरढाळवाले उठून उभे! पुन्हा भिडले. केरबाचा श्वास आता भात्यासारखा वाजतोय, गुडघा थरथरतोय, पण पकड? पकड लोखंडाची! लोक ओरडायचे विसरले, मंडळी. ज्यांना त्याला हरताना बघायचं होतं, तेही म्हणाले, ‘काय माणूस आहे!’

आणि मग दोघं झटापटीत कडेला आले, दौलूच्या अगदी पुढ्यात. पंच पलीकडच्या बाजूला. शिदगोंड्यानं केरबाला कमरेवर घेतला, फेकला — दोन्ही खांदे, पाठ, सगळं मातीला! एक क्षण! पण फेकीच्या जोरानं दोघं तसेच लोळले, आणि पंच धावत येईतो केरबा वर, पोरगा खाली उताणा!

पंचानं केरबाचा हात उचलला!

अहो, आभाळ फाटल्यासारखी आरोळी उठली! फेटे उडाले, गुलाल उधळला, केरबाला लोकांनी खांद्यावर घेतला. शिदगोंडा धापा टाकत म्हणतोय, “आधी त्यांची पाठ लागली! पंच, आधी त्यांची लागली!” पण कोण ऐकतो? “रडीचा डाव! रडीचा डाव!” आणि त्या ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? दौलूचा! ज्यानं हातभर अंतरावरून सगळं बघितलं होतं, त्याचा!

श्रीपती माणसं बाजूला सारत आला. “मामा, तुम्ही ह्या बाजूला होता. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. कुणाची पाठ आधी लागली?”

दौलूनं जावयाच्या डोळ्यांत बघितलं नाही. म्हणाला, “माझ्या डोळ्यांत माती गेली होती.”

मंडळी, प्रेमापोटी माणूस आंधळा होतो म्हणतात. होत नाही! सगळं दिसत असतं.

आणि केरबा? तो खांद्यावर होता. खरं सांगतो, त्यानं लगेच तोंड उघडलं नाही. तो देव नव्हता, माणूस होता. ती हलगी, तो गुलाल, आपल्या नावाची ती गर्जना — पुन्हा कधी ऐकायला मिळणार होती? त्यानं डोळे मिटले आणि ऐकली. मैदानाला अर्धी फेरी त्यांनी त्याला तसाच मिरवला. मग खाली शिदगोंडा दिसला. मातीत गुडघ्यावर बसलेला, खांदे हुंदक्यांनी हलतायत, आणि लोक त्याच्या अंगावर चिंचोके फेकतायत.

केरबा म्हणाला, “खाली घ्या मला.”

कुणी ऐकेना. तेव्हा तो गरजला, “खाली घ्या म्हणतो ना!”

लंगडत पंचांपुढं गेला. “माझी पाठ आधी लागली. कुस्ती पोरानं मारली.”

पंच कुजबुजला, “पैलवान, मी निकाल दिला. आता कशाला? दोघांच्या पाठीला माती आहे, कोण बघतोय?”

केरबा म्हणाला, “निकाल तुमचा आहे. पण पाठ माझी आहे. ती लागली का नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?”

आता गंमत बघा! ज्यांनी त्याला खांद्यावर घेतला होता, तेच लोक उलटले. “फितूर झाला! विकला गेला!” कुणीतरी ढेकूळ मारलं, ते केरबाच्या छातीवर फुटलं. तो हललाही नाही. आणि तेवढ्यात मातीत एक माणूस उतरला. सुतारकाम करणारा, किरकोळ देहाचा. दौलू! केरबाच्या पुढं हात पसरून उभा राहिला.

“मारायचं तर मला मारा! मी बघितलं होतं! केरबाची पाठ आधी लागली, माझ्या समोर लागली! मी सोयऱ्याशी खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. का? तर माझा माणूस हरला, हे मला सोसवलं नाही. त्याला स्वतःला सोसतंय रे! मग आपल्याला काय धाड भरली?”

माळावर हलगीसुद्धा थांबली.

केरबानं शिदगोंड्याला हाताला धरून उठवलं. स्वतःच्या डोक्याचा गुलाल काढून त्याच्या कपाळाला लावला. पोरगा पाया पडायला वाकला, तर केरबानं त्याला वरच्यावर धरलं आणि कानात काही सांगितलं. लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला. शिदगोंड्यानं पुढं सांगितलं, काय म्हणाला होता ते — “फेकताना डावा पाय उघडा टाकतोस. माझा गुडघा धड असता तर तुला घेतला असता. उद्यापासून माझ्या तालमीत ये.”

आणि तो आला! खुटाळवाडीच्या तालमीत शिरढाळचा पोरगा! पुढं त्यानं नाव काढलं, मोठमोठी मैदानं मारली, आणि दर मैदानात मातीच्या कडेला केरबा वस्ताद बसलेला. कुणी खोडसाळपणानं विचारायचं, “वस्ताद, तुम्ही ऐन भरात असता तर ह्याला पाडला असता का हो?” केरबा म्हणायचा, “मी ऐन भरात होतो तेव्हा हा पाळण्यात होता. पाळण्यातल्या पोराला पाडून काय मिळवू?” आणि मग हळूच म्हणायचा, “मी बी तरणा असताना एका थकल्या पैलवानाला पाडलं होतं. लोकांनी मला उचललं. तो घरी कसा गेला, कुणी बघितलं नाही. मी बी नाही.”

दौलूचं काय झालं? त्याच दिवशी माळावरून सासरा-जावई एका बैलगाडीतून परतले. दारात हौसा उभी होती, कोण जिंकलं विचारायचीही तिला भीती. दौलू खाली उतरला आणि म्हणाला, “हौसे, पाण्याची कळशी आण. जावईबापूंचे पाय मी धुतो.” श्रीपतीनं त्याचे दोन्ही हात धरले, “मामा, पाय नको. तुम्ही आज जे केलं, ते मला जमलं नसतं.” आणि दोघं पुन्हा पाटावर बसले. बायजानं भात वाढला. या वेळी कुणाचं तोंड मोकळं नव्हतं!

तर मंडळी, माझा प्रश्न तुमच्यापुढं आहेच. दौलूचं प्रेम केरबावर होतं का केरबाच्या जिंकण्यावर? केरबा जिंकत होता तोवर दोन्ही एकच वाटत होतं. पाठ लागली आणि दोन्ही वेगळं झालं. पुढं केरबाच्या पुढ्यात ढेकळं झेलायला उभा राहिला, तिथं त्याचं प्रेम खरं झालं.

आता आपल्याकडं वळू. जरा ताठ बसा. तुमच्या घरात कुणी तरी केरबा आहे. ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं असा बाप आहे, आई आहे, दुकानातला जुना भागीदार आहे. त्याचा हात आता थरथरतो. त्याला तुम्ही ‘संपला’ म्हणता, का ‘तू थकलाच नाहीस’ म्हणून पुन्हा जुंपता? दोन्हींत त्याचा गुडघा कुणी विचारत नाही. आणि समोर कुणी शिदगोंडा उभा राहिला, सून असेल, नवा पोरगा असेल, तर त्याच्यावर चिंचोके फेकता का त्याला गुलाल लावता?

आणि शेवटचं, ते देवाबद्दल. नवसाला पावला की देव मोठा, आणि नाही पावला की ‘देवात काही राम नाही’! मग तुम्ही देवावर प्रेम केलं का त्याच्या निकालावर? आज इथून उठताना कुणाशी काही बोलू नका. घरी जा, आणि आपल्या घरातल्या थकल्या माणसाजवळ घटकाभर बसा. काही मागू नका. नुसतं विचारा, झोप लागते का? तेवढं केलंत तर आजचं कीर्तन पोचलं असं मी समजेन.

उचला टाळ, मृदंगवाले, आता वाजवा बघू!