सोमवारी संपणार होतं

मुख्याध्यापक सर, संस्थेची वडीलधारी मंडळी, सरपंच आबा, मायबहिणींनो आणि पोरांनो,

मला भाषण करता येत न्हाई. फौजेत सारी उमर 'जी साब' म्हणण्यात गेली. आज दिनकर सरांवर बोलायला उभा राहिलोय. बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मीच मुख्याध्यापक सरांकडं पाच मिनिटं मागून घेतली. ते म्हणाले, "हवालदार, जपून बोला." जपूनच बोलतो, सर.

हॉल भरलाय. पोरं खिडक्यांत बसल्यात. सर जिवंत हुते तवा शेवटी शेवटी त्यांच्या ओसरीवर माणूस चढत नव्हता, आणि आज भाईर चपला काढायला जागा न्हाई. बघून बरं वाटलं. आणि खरं सांगू का, भ्या बी वाटलं.

सर पाटणकडचे. आपल्या शाळेला नवी अकरावी-बारावी जोडली, तवा समाजशास्त्र शिकवायला आले. ह्या विषयाचं नाव गावानं पहिल्यांदाच ऐकलं. कुणी म्हणायचं, समाजकल्याणाचं हापिस निघालं वाटतं. मी तवा नुकताच पेन्शनीत आलो हुतो. कारखान्यात टाइमकीपर व्हायचं तर बारावी पाहिजे, म्हणून भाईरनं परीक्षेला बसायचं ठरवलं. पोरांसंगं बाकावर बसायची लाज वाटायची, म्हणून सांजचं सरांच्या ओसरीवर जायचो.

सर म्हणायचे, "हवालदार, तुम्ही पलटणीत राहिलेले, तुम्हाला हा विषय सोपा. माणसाचा दर्जा काय आणि भूमिका काय, ते तुमच्या बाहीवर शिवलेलंच असतं."

मी म्हणायचो, "सर, फीत उसवली की मग कोण इचारतंय?"

"तेच तर शिकायचंय," म्हणायचे आणि मोठ्यानं हसायचे. आतनं वहिनींचा आवाज यायचा, "अभ्यास करताय का तमाशा?" आणि पाठोपाठ चहा यायचा. लय साधी, लय गोड माणसं हुती हो.

आता सुरुवात कुठनं झाली ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी वर्गात एक प्रश्न घातला. लिहायचं न्हाई, बोलायचं न्हाई, घरी जाऊन नुसता इचार करायचा. प्रश्न असा: गावात अशी कुठली घरं आहेत, जिथं तुम्ही कधीच जेवला नाहीत?

पोरं ती! नुसता इचार कुठली करत्यात? आई चुलीपुढं भाकरी थापतीया, आणि पोरगं इचारतंय, "आये, आपुन बौद्धवाड्यात कुणाकडं जेवलोय का कवा?" दुसऱ्याचं कशाला सांगू, माझ्याच घरात झालं हे. माझ्या पुतण्यानं इचारलं आणि माझ्या थोरल्या भावानं ताट बाजूला सरकवलं. म्हणाला, "हे शिकायला पाठवलंय व्हय रं तुला?" आज्जा नुसताच खोकत राहिला. पुढच्या पौर्णिमेला सर वहिनींना घेऊन बौद्धवाड्यातल्या एका पोरीच्या घरी जेवून आले. लपून न्हाई, दिवसाढवळ्या, मधल्या रस्त्यानं.

गाव चिडलं. पण सरांना तोंडावर कुणी काय बोललं न्हाई. बोललं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं.

तवर पुस्तकात धडा आला, सामाजिक नियंत्रण. माणसाला रांगेत ठेवायला समाज काय काय करतो त्याचा. आधी हसतो, मग नावं ठेवतो, आणि तरी माणूस ऐकंना झाला की वाळीत टाकतो. एक पोरगं उठून म्हणालं, "सर, नुसतं बोलायचं न्हाई, त्यात काय एवढं? कुणी मारत तर न्हाई."

सर म्हणाले, "ठीक. माझ्यावर करून बघा. एक आठवडा. माझ्याशी कुणी बोलायचं नाही. हाक मारली तर ओ द्यायची नाही. सोमवारी संपलं. मग मला काय वाटलं ते मी सांगेन, तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही सांगा."

त्या सांजेला मी त्यांना म्हणालो, "सर, आमच्यात रायफल साफ करताना बी नळी माणसाकडं धरत न्हाईत. रिकामी हाय असं शंभरदा सांगितलं तरी धरत न्हाईत."

सर म्हणाले, "अहो, पोरं आहेत ती."

पोरंच हुती. पण बघत गाव हुतं. पोरं रस्त्यात सरांना वळसा घालून जायला लागली. चहाच्या दुकानात बसलेल्यांनी ते बघितलं. हा शाळेतला खेळ हाय हे कुणाला ठावं हुतं, कुणाला न्हाई. ज्यांना ठावं हुतं त्यांनी बी सांगितलं न्हाई. आठवडा संपायच्या आत, सर दुकानासमोरनं गेले की आतलं बोलणं थांबायला लागलं.

सोमवार आला. सरांनी वर्गात फळा पुसला आणि म्हणाले, "संपलं. बोला आता." पोरं भडाभडा बोलली. एक पोरगी तर रडली म्हणं. शाळा सुटली, सर घराकडं निघाले. चहावाल्याला त्यांनी राम राम घातला. चहावाला कपबशी पुसत राहिला. सर जरा थांबले, परत राम राम घातला. त्यानं पुसलेली कपबशी परत पुसायला घेतली.

सांजचं मला म्हणाले, "हवालदार, धडा जरा लांबला वाटतं." ते हसले. मला हसायला आलं न्हाई.

कुणी सुरू केलं हे? आबा, तुमी बैठक घेतली हुती व्हय? न्हाई. दवंडी दिली? न्हाई. सरांनी चूक कबूल करावी, असा निरोप कुणी धाडला? त्यो बी न्हाई. मी गावात प्रत्येकाला इचारत हिंडलो. ज्यो त्यो म्हणायचा, "माझं काय न्हाई बाबा, सगळे बोलत न्हाईत म्हणून मी बोलत न्हाई." अरं, मग सगळे म्हणजे कोण? मला अजून घावलेले न्हाईत.

वहिनी गिरणीत दळण घेऊन गेल्या की त्यांचा डबा रांगेत मागं मागं सरकायचा. कुणी सरकवताना दिसायचं न्हाई. गिरणी बंद व्हायची आणि डबा तसाच. मग त्या माझ्या घरी पीठ मागायला यायला लागल्या. मान वर करत नव्हत्या.

आणि मग ती सकाळ. मी पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलो हुतो. सरांच्या छातीत कळ आली. वहिनी धावत भाईर आल्या. आपल्या गावात ट्रॅक्टर हाईत, जीप हाय. सांगलीची वाट काय फार लांबची न्हाई. वहिनींनी दारं वाजवली. आणि ऐका मंडळी, एका बी माणसानं न्हाई म्हटलं न्हाई. कुणीच काय म्हटलं न्हाई. जीप दारात हुती, मालक जीपजवळ हुता. वहिनींनी त्याला हात जोडले. त्यानं म्हशीपुढं पेंड टाकली आणि आत गेला. मी त्याचं नाव घेत न्हाई. त्यो बी इथं बसलाय.

शेवटी वाड्यातल्या दोघांनी बैलगाडी जुंपली. अर्ध्या वाटंवर सर गेले. दुपारी मी एस्टीतनं उतरलो तवा गाडी परत येत हुती. मला वाटलं कुणीतरी झोपलंय.

खांदा द्यायला ती दोघं, वहिनींचा भाऊ आणि मी. रस्त्याच्या दोन्ही अंगाची दारं लागलेली. मी फौजेत माणसं मरताना बघितल्यात. पण खांद्यावर माणूस घेऊन बंद दारं मोजत चालायची पाळी तिथं बी आली न्हाई.

तुमाला वाटत असंल, सर गेले, झालं, मिटलं. न्हाई मिटलं. काल मी गिरणीत गेलो. माझा डबा पहिला हुता. तासाभरानं बघतो तर शेवटी. म्हणजे ते सरांच्या घरातनं निघालंय आणि माझ्या दारात आलंय. माझ्यानंतर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाईल. त्याला कुणाचं तरी घर लागतंच. आबा, तुमी मान हलवताय, पण तुमचं घर बी ह्याच गावात हाय.

शाळेनं वहिनींना शिवणाचे तास देऊ केल्यात. चांगलं केलं सर, उपकार झाले. पण परवा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी इथं राहू का जाऊ, एवढं सांगा. जा म्हणालात तरी चालेल. पण कुणीतरी काहीतरी सांगा." माझ्या एकट्याचा जबाब घेऊन त्या बाईनं काय करायचं? वर्गात उभ्या राहिल्या आणि समोरच्या पोरी गप्प बसल्या, तर काय करायचं त्यांनी?

आता रिवाजापरमानं मी म्हणायला पाहिजे, उठा, दोन मिनिटं शांत उभं राहू. मी म्हणणार न्हाई. शांततेनं माणूस मारला आपुन. आणखी शांतता सरांना वाहायला मला लाज वाटती.

त्यापरीस एक करा. वहिनी दाराशी बसल्यात. भाईर जायला दुसरं दार न्हाई. प्रत्येकाला त्यांच्यापुढनं जावं लागंल. दुखवट्याला आलेल्या माणसानं निघताना 'येतो' म्हणायचं न्हाई, गुमान उठून जायचं, ही रीत मला ठावं हाय, मी ह्याच गावचा. आज ती रीत तुमाला लय सोयीची पडंल. खाली मान घालून निघून जाता येईल. म्हणून सांगतो, आजच्या दिवस ती मोडा. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. वहिनींपुढं थांबा, त्यांच्याकडं बघा आणि म्हणा, "वहिनी, येतो." बास. त्यांनी इचारलेल्याचा जबाब त्यांना मिळंल.

आणि तसंच गेलात, तर त्यो बी जबाबच हाय. त्या उद्या सकाळच्या गाडीनं पाटणला जातील.

दिनकर सर, ह्या वयात मला शिकवलंत. माझा अखेरचा सलाम घ्या.

मी दाराजवळ जाऊन उभा राहतोय. मंडळी, उठा. कोण येतंय पहिलं?