नवऱ्याचं नाव

रेशनकार्डाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या. तरुण गुरम्मा पुण्याला बहिणीकडं जाऊन नुकतीच परतली होती.

"सोजरमावशी, तिकडं टीव्हीवर नाटक बगितलं. आपल्या हितल्या शुक्रवार पेठेतल्या संगप्पा मास्तरांचं आन् सुंदराबाईंचं."

"व्हय? बाईनं काढल्याली आमची बिडी वळणाऱ्या बायकांची शाळा दावली का?"

"दावली की. मी लई रडले. बाई कसल्या सालस! सारखं आपलं 'अहो, ऐकलंत का?'"

"अहो? कुणाला?"

"मास्तरांना."

"खोटं हाय. बाई 'संगप्पा' म्हणायची. भर रस्त्यात, मोठ्यानं. नवऱ्याचं नाव घेती म्हणून तीन घरमालकांनी त्यास्नी भाईर काढलं."

"मग मास्तर काय म्हणायचे?"

"'ओ' द्यायचे. दुसरं काय?"

"पण अहोच बरं वाटतं, मावशी. घरंदाज."

"बरं वाटावं म्हणून शाळा काढली न्हवती तिनं. पाटीवर आमाला पयलं काय लिवाय लावलं, ठावं हाय? आपापल्या नवऱ्याचं नाव. निम्म्या बायका उठून गेल्या."

"आन् तुमी?"

"बसले. नाव लिवलं."

"चला, पुढं या," खिडकीतून कारकून म्हणाला. "नाव?"

"गुरम्मा."

"नवऱ्याचं?"

गुरम्मानं पदर तोंडाशी नेला.

"मावशी, तुमी सांगा की."

"मला ठावं न्हाय."

"असं काय करताय? शेजारी राहता की!"

"बाई, लवकर. मागं रांग आहे."

"मावशी, सांगा ना..."

"सुंदराबाईनं नावापायी तीन घरं सोडली, गुरम्मा. तू तोंडावरचा पदर तरी काढ."