पायाची शीर

पनवेलच्या एसटी स्टँडवर उरणच्या गाडीला अजून अवकाश होता, त्यामुळे कमळाकर मास्तरांचे कान मोकळेच होते. शेजारी महारोगातून बरा झालेला जगन आणि त्याला घरी न्यायला आलेली धाकटी बहीण शकू बसली होती.

"वाकलेली बोटं सरळ केली कशी, दादूस?"

"पायाची शीर काढून हातात घातली. नवीन प्रयोग हाय."

"आयसला सांगू नको. पंगतीत बसवायची नाय."

"रोग गेला. डॉक्टरचा कागद हाय."

"रोगाचं तिला काय नाय. पानात पाय घातलेला नाय चालायचा."

"मंग मी परत दवाखान्यात जातो."

"गुमान बस. माझं काम सोपं झालं."

"कसलं?"

"भाऊबीजेला तुझ्या पाया पडायला वाकायला नको."

शकूनं तिथंच त्याचा उजवा हात उचलून कपाळाला लावला.