पासवर्ड कूमकडे होता

मी, यासेंका तुबिच, वय ३८ वर्षे, धंदा दातांच्या दवाखान्यांना रुग्णनोंदींची ऑनलाइन सेवा पुरवणे, राहणार नीश, सर्बिया, ठाण्यात आपणहून येऊन सांगते की,

आमची कंपनी लहान आहे, चार माणसे कामाला आहेत. सगळ्या नोंदी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर असतात. सर्व्हरवर लक्ष ठेवणे, बॅकअप घेणे, कोणाला कुठवर शिरता येईल हे ठरवणे यासाठी तयार टूल मिळतात. गेल्या वर्षी मी त्यांचे दर मागवले. त्यातल्या त्यात बऱ्याचे महिना नव्वद युरो पडत होते.

त्या वेळी माझा कूम रास्तको पेयिच समोर बसला होता. कूम म्हणून आमच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता. मुलीचे नावही त्यानेच ठेवले. तो म्हणाला, "घरात कूम असताना भाडोत्री राखणदार? लाज काढतेस का गं माझी?"

सगळी व्यवस्था त्याने स्वतः उभी केली, फुकट. मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. मी मागितला नाही, लिखापढीही केली नाही. कूमचे नाते रक्ताच्या नात्यासारखे, त्याच्याशी तसे कोणी करत नाही. पुढे त्याला मोठी नोकरी लागली आणि तो फोन उचलेनासा झाला. सेवा दोनदा बंद पडली. डॉक्टरांच्या शिव्या मी खाल्ल्या.

शेवटी मी टूल घ्यायचे ठरवले. विक्रेत्याने भेटीला नेमका संत निकोलाचा दिवस दिला. त्या दिवशी रास्तकोकडे स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण असतो. स्लावाला बोलावणे नसते, आपण जायचे असते. मी गेले नाही. नवरा एकटा गेला. यासेंका कुठे, असे रास्तकोने विचारले आणि दोन पेले रकिया पोटात गेलेल्या माझ्या नवऱ्याने खरे ते सांगून टाकले.

सकाळी सर्व्हर रिकामे होते, बॅकअपसकट. बाहेरून कोणी पासवर्ड फोडल्याची खूण कुठेही नव्हती. मी रास्तकोला फोन केला. तो म्हणाला, "माझं फुकटचं काम होतं, मी परत घेतलं. जा आता तुझ्या नव्वदवाल्याकडे."

"अरे, लोकांच्या नोंदी होत्या त्यात! कोणाला कुठली भूल चालत नाही ते होतं!"

"मग स्लावाला यायचं होतंस," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

नोंदी परत मिळाल्या नाहीत तर कंपनी बंद होईल.

जबाब घेणारे साहेब म्हणाले, "कूमवर तक्रार? अहो बाई, अज्ञात इसम लिहू या. घरी जा, कॉफी प्या, मिटवून टाका." हेही लिहून घ्या, असे मी सांगितले. संशयिताचे नाव रास्तको पेयिच असेच लिहावे.

घरात आणखी कोण, असे साहेबांनी विचारले. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचे नाव विचारले. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून ते मी सांगितले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.